जंतूंचा चित्रकार

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आमच्या गटावर एक निराळेच काम आले. कर्जत तालुक्यातील एका वाडीत सारवलेल्या भिंतींवर चित्रे काढायची आणि जंतुनाशक गोळ्या मनाला येतील तशा घेऊ नयेत, हे लोकांना समजावून सांगायचे. आम्ही मराठी-इतिहास घेतलेली मुले. औषधांच्या विषयात आमचे काय काम, असे मला वाटले. तेव्हा सरांनी अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे चरित्र माझ्या हाती ठेवले. ते वाचले आणि माझा संकोच पार गेला. पेनिसिलीनचा हा जनक स्वतः चित्रे काढीत असे, आणि तीसुद्धा जिवंत जंतूंनी!

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. माळरान तुडवीत, मैलोगणती चालत ते शाळेला जात. तेराव्या वर्षी ते लंडनला थोरल्या भावाकडे आले. पुढे त्यांनी एका जहाज कंपनीत चार वर्षे कारकुनी केली. आपल्याकडची मुले पहाटेची कर्जत लोकल पकडून मुंबईत नोकरीला जातात, तशातलाच हा प्रकार. एका काकांच्या मिळकतीतला थोडा वाटा हाती आला, म्हणून १९०१ मध्ये त्यांना सेंट मेरी रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेता आला.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात होते. जखमा चिघळून तरणीताठी माणसे मरताना त्यांनी पाहिली. त्या वेळची जहाल औषधे खोल जखमेतल्या जंतूंपर्यंत पोहोचत नसत; उलट जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच मारीत. हे शल्य त्यांच्या मनात राहिले.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर त्यांना जंतू वाढवलेल्या एका बशीत बुरशी आलेली दिसली. दुसऱ्या कोणी ती बशी धुऊन टाकली असती. फ्लेमिंग यांनी मात्र बुरशीभोवतीचे जंतू विरघळून गेलेले पाहिले. त्या बुरशीच्या रसाला त्यांनी पेनिसिलीन हे नाव दिले. त्यापासून औषध तयार केले ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९४१ मध्ये एका पोलिसाला ते दिले, तो सुधारू लागला. पण औषध संपले आणि तो दगावला. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळाले.

आता त्यांच्या चित्रांविषयी. फ्लेमिंग लंडनच्या चेल्सी आर्ट्स क्लबचे सभासद होते. कोणता जंतू कोणता रंग धरतो, हे त्यांना पाठ होते. निरनिराळे जंतू ते तारेने पसरीत आणि उबेत वाढू देत. मग बशीत घर, नर्तिका, शिपाई, बाळाला पाजणारी आई अशी चित्रे उमटत. अनोळखी रंग आणि आकार यांच्याकडे कुतूहलाने पाहायची ही सवयच त्यांना त्या बुरशीपाशी थांबवून गेली असेल, असे मला वाटते.

नोबेल स्वीकारतानाच्या व्याख्यानात त्यांनी जगाला एक इशारा दिला. औषध अपुरे घेतले तर जंतू मरत नाहीत, ते त्या औषधाला सरावतात. घसा दुखतो म्हणून नवऱ्याने थोडेसे पेनिसिलीन घेतले, त्याचे सरावलेले जंतू बायकोला लागले आणि तिच्यावर औषध चालेनासे होऊन ती दगावली, अशी एक कल्पित गोष्ट त्यांनी सांगितली होती.

ती गोष्ट वाचताना मी पुस्तक मिटले. आमचे घर खालापूर तालुक्यात. भातकापणीत बाबांच्या पायाला विळा लागला होता. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. दोन दिवसांत सूज उतरली, तेव्हा उरलेल्या गोळ्या ठेवून द्या, पुढे उपयोगी पडतील, हे सांगणारा मीच होतो. घरात शिकलेला मी, म्हणून बाबांनी ऐकले. आईने त्यांतल्या दोन गोळ्या बहिणीला सर्दी-तापात दिल्या. सर्दीच्या विषाणूवर त्या चालतच नाहीत, हे आम्हांला कुठे ठाऊक? पुढे बाबांची जखम चिघळली. आता पहिल्या औषधाला जंतू दाद देत नाहीत, असे डॉक्टर म्हणाले. बाबा अकरा दिवस रुग्णालयात होते. पाय वाचला, पण ते दिवस मी विसरणार नाही.

वाडीत आम्ही तांदळाच्या पिठाने भातखाचर रंगवले. पातळ फवारणीतून वाचलेले तुडतुडे पुढच्या खेपेला फवारणीला जुमानत नाहीत, हे तिथल्या आजोबांना आमच्याआधीच ठाऊक होते. शेजारच्या भिंतीवर तसाच एक पाय आणि त्यातले जंतू काढले. गोळ्यांच्या पाकिटावरची तांबडी रेघ ठळक रंगवली; अशा गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नयेत, हे सांगण्यासाठी २०१६ मध्ये देशभर मोहीम सुरू झाली होती. पायाचे चित्र मी काढले. तो पाय कोणाचा, हे मी त्या वेळी कोणाला सांगितले नाही.

फ्लेमिंग ११ मार्च १९५५ रोजी निवर्तले. त्याच वर्षी आपल्या बोरघाटापलीकडे, पिंपरीच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागले. औषध आपल्या दाराशी आले, इशारा मात्र वाटेतच राहिला. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

मित्रहो, डॉक्टरांनी सांगितली तेवढी आणि तितके दिवस गोळी घ्यावी. आपल्या मनाने ती सुरू करू नये, बंद करू नये, उरलेली कोणाला देऊ नये. एवढेच घरी जाऊन सांगा. शिकलेल्या मुलाचे घरचे लोक ऐकतात. म्हणूनच त्याने जपून बोलायला हवे.