एक्सप्लेनर: जात एक, मग रक्तगटांचं प्रमाण वेगळं कसं? इरावती कर्वे यांनी काय शोधलं?

विश्रांतवाडीपासून जवळच, येरवड्यातल्या डेक्कन कॉलेजमध्ये इरावती कर्वे यांनी १९३९ पासून तीन दशकं काम केलं. 'युगान्त'मुळे त्या घराघरात पोहोचल्या, पण त्यांचा मूळ विषय होता मानववंशशास्त्र.

जन्म १९०५, ब्रह्मदेशातला. पीएचडी बर्लिनला. मार्गदर्शक यूजेन फिशर यांना कवट्यांमधून गोऱ्यांचं श्रेष्ठत्व दाखवायचं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. आकडे तसं सांगत नव्हते, तेच त्यांनी प्रबंधात लिहिलं. तेही जर्मनीत, १९३०च्या सुमारास!

पुण्यात प्रश्न होता जातींचा. लग्नं पिढ्यानपिढ्या आपसातच झाली की बाहेरची जनुकं येत नाहीत. गट छोटा असेल तर निव्वळ योगायोगानेही एखादा रक्तगट वाढतो, दुसरा घटतो. हीसुद्धा उत्क्रांतीच, त्यासाठी लाखो वर्षं लागत नाहीत.

के. सी. मल्होत्रा यांच्यासोबत त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांची तुलना केली. ती १९६८ मध्ये छापून आली. सामाजिक दर्जा सारखा, तरी गटागटांत फरक निघाले. एकच जात फुटून पोटजाती झाल्या, हे इरावतीबाईंना पटत नव्हतं. मुळात वेगळे समूह एका नावाखाली आले, असं त्या मांडत.

१९७० मध्ये त्यांचं निधन झालं. डीएनए वाचण्याचं तंत्र तेव्हा आलंही नव्हतं.