केडगावची पंडिता

पुणे-दौंड गाडीने मी रोज कॉलेजला येतो. वाटेत केडगाव लागते. दोन वर्षे ती पाटी मी नुसती वाचत होतो. गेल्या वर्षी माझे वडील गेले. शिक्षण सोडावे की काय, अशा विवंचनेत असताना ग्रंथालयात पंडिता रमाबाईंचे चरित्र हाती आले.

जन्म १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माउलीने ते आपल्या रमेला दिले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरले. पुढे दक्षिणेतल्या दुष्काळात वडील, आई आणि बहीण गेली. उरली ती दोघे भावंडे. ती पायी हिंडत उत्तरेकडे गेली. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून रात्र काढली. हे वाचून मी पुस्तक मिटले. आपल्या दुःखाची थोडी लाजच वाटली.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी विवाह झाला आणि १८८२ मध्ये तेही पटकीने गेले. मांडीवर तान्ही मनोरमा! देवांची एवढी स्तोत्रे मुखोद्गत असलेल्या या बाईने आता हाक तरी कोणाला मारायची?

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. बरोबरच्या मैत्रिणीने तिथे आत्महत्या केली. त्याच सप्टेंबरात वॉन्टेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. इकडे मोठा गदारोळ उठला. मी हिंदू घरातला. तो वाद सोडवणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. मात्र एक गोष्ट मला फार प्रामाणिक वाटली. बाप्तिस्म्याने आपल्याला धर्म मिळाला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त गवसायला आणखी सात-आठ वर्षे लागली, हे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. त्यांची श्रद्धा एका रात्रीत आलेली नव्हती.

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलवले. धर्मांतराच्या आरोपावरून १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, तरी सदन चालूच राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. भुकेने माणसे कशी मरतात, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. पुण्यात तेव्हा प्लेग होता. म्हणून या जीवांना केडगावच्या माळावर आसरा दिला. तेच मुक्ती सदन.

१९२१ मध्ये मनोरमाही गेली. ज्या कानांनी साथ सोडली होती, त्यांवर ही वार्ता कशी पडली असेल! हिब्रू व ग्रीक शिकून मूळ बायबल सोप्या मराठीत आणण्याचे त्यांचे काम तरीही थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ते बायबल १९२४ मध्ये निघाले, मुक्ती सदनाच्याच छापखान्यातून. तिथे खिळे जुळवायला बसत त्या याच निराधार स्त्रिया.

मी नाव काढले नाही. या सत्राची फी शिकवण्या घेऊन भरली आहे.