डॉ. जॉसलिन आणि त्यांच्या फिरत्या परिचारिका

माझ्या सासूबाईंना मधुमेह होता. चपलेने आलेला फोड आम्ही किरकोळ समजलो आणि त्यांच्या पायाचा अंगठा गेला. पुढे डॉ. एलियट जॉसलिन यांच्याविषयी वाचताना तो अंगठा मला वारंवार आठवला.

त्यांचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचा, १८६९ सालचा. १८९८ मध्ये त्यांनी बोस्टनला दवाखाना थाटला. पुढे त्यांच्या आईलाच मधुमेह जडला. १९२२ पर्यंत इन्सुलिन नव्हते; पथ्य हाच काय तो उपाय. पण पथ्य पाळायचे घरी, आणि घरी रोज डॉक्टर कुठून येणार? म्हणून त्यांनी परिचारिकांना शिकवून तयार केले. त्या रोग्यांच्या घरी जात, अन्न मोजून घ्यायला आणि लघवी तपासायला शिकवीत. इन्सुलिन आल्यावर ते टोचून घ्यायलाही. १९१८ साली त्यांनी खास रोग्यांनाही वाचता येईल असे पुस्तक लिहिले. (आपल्याकडे रोग्याला कोण एवढे समजावून सांगतो!)

इन्सुलिनमुळे माणसे जगू लागली, तसा पायांच्या जखमांचा प्रश्न वाढला. मग त्यांनी शल्यवैद्य आणि पायांची निगा राखणारे यांनाही आपल्या कामात जोडून घेतले. मात्र रोज पाय धुऊन नीट पाहणे हे काम रोग्याचे व घरच्यांचेच, यावर त्यांचा कटाक्ष होता.

१९६२ मध्ये, ९२ व्या वर्षी ते वारले.

आता आमच्या यजमानांनाही साखर आहे. रात्री जेवणे झाली की मी त्यांचे तळवे दिव्याखाली पाहते. ते कुरकुरतात, पण पाय पुढे करतात.