सर विश्वेश्वरय्या : पाण्याच्या उंचीचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात हेब्बाळ येथील आमच्या शेजारची नववीतील कन्या भौतिकशास्त्राचे पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. डोक्यावर ओझे घेऊन तासभर निश्चल उभ्या राहिलेल्या हमालाने काहीही कार्य केलेले नसते, असे पुस्तकात वाचून ती गोंधळली होती. मी कला शाखेचा पदवीधर. शिवाय आयुष्य सरकारी कचेरीत गेलेले. श्रम होऊनही कार्य शून्य ठरते, ही गोष्ट मला तिच्याइतकी नवी वाटली नाही! परंतु तिचे समाधान करण्यासाठी मला ज्या थोर पुरुषाचे स्मरण झाले, त्याचे चरित्र आपल्या मंडळींनी या दृष्टीने वाचावे, असे मनापासून वाटते.

आपण पोटापाण्यासाठी महाराष्ट्रातून बंगळूरास आलो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथून तिकडे गेले. मुद्देनहळ्ळी या खेड्यात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच पितृछत्राला मुकला. बंगळूरात शिकवण्या करीत त्याने शिक्षण पुरे केले आणि १८८१ मध्ये सेंट्रल कॉलेजातून बी. ए. ची पदवी मिळविली. (माझ्यासारख्या बी. ए. झालेल्यांनी एवढ्यावरच अभिमान बाळगावा, कारण पुढचे साम्य येथेच संपते.) म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाले, १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक येथे रुजू झाले. नाशिक, खानदेश, पुणे असा त्यांचा संसार जवळजवळ पाव शतक महाराष्ट्रात झाला. रानडे व गोखले यांच्यासारख्यांचा सहवास त्यांना तेथेच लाभला.

खडकवासल्याच्या तलावावर त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे हे त्यांचे पुण्यातील सर्वांत नामांकित काम. धरणाची भिंत न वाढविता सुमारे ८ फूट अधिक पाणी अडवावयाचे होते. पण पूर आला की तेच पाणी धरणाच्या जिवावर उठणार. विश्वेश्वरय्यांनी दरवाजे वजनांनी तोलून धरले. पाणी ठरावीक पातळीवर चढले की तेच तो तोल बदलते आणि दारे उघडतात. पातळी उतरली की ती मिटतात. भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, एका बाजूचे वजन खाली उतरताना जी स्थितिज ऊर्जा गमावते, तीच दुसऱ्या बाजूस वर चढण्यास उपयोगी पडते. घर्षणात जाते तेवढीच तूट पाण्याने भरून काढावयाची. या योजनेचे पेटंट त्यांच्या नावे होते. परंतु सेवेत असताना केलेल्या कामाचा मोबदला घेणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. आम्हा नोकरदारांनी या वाक्याशी क्षणभर थांबावे.

मुंबई सरकारची नोकरी सोडल्यावर ते १९०९ मध्ये म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाण. विद्यापीठ, बँक, कारखाने यांची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. ती येथे विस्ताराने सांगत नाही.

कावेरीचे काम मात्र आपल्या विषयाचे आहे. शिवनसमुद्र येथे नदी कड्यावरून कोसळते. शेषाद्री अय्यर दिवाण असताना आखलेल्या तेथील वीजकेंद्रातून १९०२ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज जाऊ लागली होती. पण उन्हाळ्यात नदी रोडावली की यंत्रेही मंदावत. एक घनमीटर पाणी १०० मीटर खाली आले, तर त्यातून पाव युनिटाहून किंचितच अधिक वीज मिळू शकते. याहून अधिक कोणताही कुशल अभियंता काढू शकणार नाही. ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही होत नाही. तिचे केवळ रूपांतर होते. मग करावयाचे काय? पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी वरच्या अंगास अडवून बारा महिने पुरवावयाचे. १९११ मध्ये कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. मद्रास सरकारशी तंटा चालू असल्याने आरंभी कमी उंचीचीच परवानगी होती. पाया मात्र पुढे पूर्ण उंची पेलेल असा घातला गेला. ही दूरदृष्टी खरीच; पण कण्णंबाडी हे गाव त्या जलाशयाखाली गेले, हेही हिशेबात धरले पाहिजे. घर सोडून आलेल्या आपणांस ते निराळे सांगावयास नको.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. हमाल ओझे धरून उभा राहतो तेव्हा त्याचे स्नायू शिणतात, शरीरातील ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्च होते. परंतु ओझ्याची उंची बदलत नाही, म्हणून ओझ्यावर कार्य घडत नाही. तेच ओझे त्याने माडीवर नेले, तर कार्य घडले आणि ते त्या उंचीत साठले. मी तिला गच्चीवरील पाण्याची टाकी दाखविली. ज्या कावेरीचा एक प्रवाह शिवनसमुद्रला खाली पडून वीज देतो, तिचेच पाणी त्याच परिसरातून सुमारे १०० किलोमीटर अंतर तोडून आणि टप्प्याटप्प्याने जवळजवळ ५०० मीटर उंच चढवून १९७४ पासून बंगळूरास आणले जाते. म्हणजे हजार लिटर पाण्यामागे निदान १.३६ युनिटे वीज; पंप आणि नळांतील घर्षणामुळे प्रत्यक्षात त्याहून अधिक. मुलीने स्वतः गुणाकार करून आकडा पडताळला आणि तडक खाली जाऊन वाहता नळ बंद केला.

१९५५ मध्ये विश्वेश्वरय्यांना भारतरत्न किताब मिळाला. १४ एप्रिल १९६२ रोजी, वयाची शंभरी पार केल्यावर, बंगळूरात त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी मुद्देनहळ्ळीस आहे. हेब्बाळच्या पुलावरून देवनहळ्ळीच्या वाटेने उत्तरेस निघाले, की चिक्कबळ्ळापूरच्या परिसरात, नंदीच्या डोंगराजवळ हे गाव लागते. सकाळी निघून दुपारच्या जेवणास घरी परतता येते.