भुकेचे गणित मांडणारे सुखात्मे

धायरीतल्या औषधांच्या दुकानांत हल्ली प्रोटीन पावडरचे डबे दर्शनी फळीवर असतात. प्रथिनांची ही धास्ती जुनीच. साठच्या दशकात ती जगभर पसरली, तेव्हा तिला आकड्यांनिशी आव्हान देणारे होते संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

१९११ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्म, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिक्षण, नंतर लंडन विद्यापीठाची पीएच.डी. परतल्यावर त्यांना पंडित मालवीयांनी विचारले म्हणतात, की या शास्त्राने भुकेल्यांच्या पोटाचे काय होणार? त्या वेळी त्यांना समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढचे सारे आयुष्य मात्र याच प्रश्नात गेले.

कृषी संशोधन परिषदेत त्यांनी नमुना पाहणीने पिकांचे उत्पादन मोजण्याची पद्धत बसवली. १९५१ पासून सुमारे वीस वर्षे ते रोमला, राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जगातली दोन तृतीयांश माणसे उपाशी असल्याचे तेव्हा सांगितले जाई. पोटभर न मिळणारे १० ते १५ टक्के आहेत, असा हिशेब त्यांनी १९६१ मध्ये मांडला.

प्रथिनांबाबत त्यांचे म्हणणे साधे होते. डाळ-भात, डाळ-भाकरी पुरेशी मिळाली तर प्रौढाची प्रथिनांची गरज बहुधा भागते. पोटच भरत नसेल तर शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. मग महागडी पावडर देऊन काय साधणार? डॉक्टरमंडळींना हे पचायला वेळ लागला.

निवृत्तीनंतर पुण्यात त्यांनी मांडलेला सिद्धांत जास्त वादग्रस्त ठरला. एकाच निरोगी माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक वर-खाली होते, त्यामुळे सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित नव्हे, असे ते म्हणत. मुद्दा बिनतोड वाटतो. पण रेषा सरासरीच्या बरीच खाली ओढली, की कागदावरचे कुपोषित एकदम घटतात. दारिद्र्यरेषेसाठी २२५० उष्मांक धरणारे पुण्याचेच वि. म. दांडेकर आणि आहारतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी कडाडून विरोध केला. कमी अन्नावर शरीर जुळवून घेते खरे, पण त्याची किंमत खुरटलेल्या वाढीने आणि घटलेल्या कामाने मोजावी लागते, हा गोपालन यांचा आक्षेप वजनदार होता.

सुखात्मे मागे हटले नाहीत. दूषित पाणी आणि जुलाबांमुळे खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, तेव्हा पोषणाबरोबर स्वच्छतेकडेही पाहा, असा आग्रह त्यांनी धरला. १९९७ च्या जानेवारीत पुण्यातच त्यांचे निधन झाले. रेषा कुठे ओढायची, हा वाद तेव्हाही चालूच होता.