निर्दोष सुटले, तरी तुरुंगातच! ही प्रथा मोडणारे जॉन हॉवर्ड कोण होते?
कोर्टाने निर्दोष सोडलं, पण तुरुंगाची फी भरायला पैसे नाहीत, म्हणून माणूस पुन्हा कोठडीत! १८व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हे सर्रास चालायचं.

१७२६ साली जन्मलेले जॉन हॉवर्ड सधन जमीनदार होते. तरुणपणी लिस्बनला जाताना फ्रेंचांच्या हाती सापडून त्यांनी स्वतः कैद भोगली होती. १७७३ मध्ये ते बेडफर्डशायर काउंटीचे शेरीफ झाले. तिथल्या तुरुंगाधिकाऱ्याला पगारच नव्हता. कैद्यांकडून मिळणारी फी हीच त्याची कमाई. त्याला पगार द्या, अशी मागणी हॉवर्ड यांनी केली. दंडाधिकाऱ्यांनी आधीचा दाखला मागितला. तो शोधायला हॉवर्ड शेजारच्या काउंटींमध्ये फिरले, तर तिथेही तोच अन्याय!

१७७४ मध्ये त्यांनी संसदेपुढे साक्ष दिली. त्याच वर्षी कायदा झाला आणि निर्दोष सुटलेल्यांची फी काउंटीच्या निधीतून भरायचं ठरलं. कायदा कागदावरच राहू नये म्हणून हॉवर्ड यांनी त्याच्या प्रती स्वखर्चाने छापून तुरुंगांना पाठवल्या.

कर्ज थकलं म्हणून होणारी कैद मात्र सुरूच राहिली. ती बहुतांशी संपली १८६९ च्या कायद्याने. ते पाहायला हॉवर्ड नव्हते. १७९० मध्ये, आजच्या युक्रेनमधल्या खेरसन इथे तापाने त्यांचा मृत्यू झाला होता.