खराटेवाले गाडगेबाबा

मला सगळ्या संतांत गाडगेबाबा फार आवडतात. त्यांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. दारूपायी वडील लवकर गेले. डेबू मामाच्या गावी वाढला. गुरं राखली, नांगर धरला. शाळेत काही जायला मिळालं नाही.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात गाडगे. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, मग मिळेल ती भाकरी गाडग्यात घेऊन खायची. रात्री कीर्तन. कुणी पाया पडलेले त्यांना खपत नसे. भुकेल्या, थकल्या माणसात त्यांना देव दिसे. म्हणून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या.

कर्ज काढून सण करू नका, वेळ पडली तर जेवणाचे ताट विका, पण पोरांना शिकवा, असे ते सांगत. स्वतः शाळा न पाहिलेला माणूस आमच्यासाठी शाळा मागत होता! पालकहो, हे तुम्हीही ध्यानात ठेवा.

२० डिसेंबर १९५६ रोजी बाबा वारले. मैदान झाडायची पाळी आली की मला ते आठवतात. मग खराटा जड वाटत नाही.